पोटाचे आणि हृदयाचे ऑपरेशन एकाच वेळी

(संघाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही डॉक्टर नाही, हे प्रारंभीच सांगून टाकतो. आम्ही बँकेतले कारकून, शिक्षण कला शाखेचे. शाळेत असताना बेडकाचे चित्र काढायचे म्हटले तरी आमचा हात थरथरत असे. दरवर्षी या मेळाव्यात आरोग्यावर एखाद्या जाणत्या डॉक्टरांचे भाषण होते. यंदा ठरलेल्या डॉक्टरांना ऐनवेळी परगावी जावे लागले, तेव्हा चिटणीसांनी आम्हाला गाठले आणि म्हणाले, "तुम्ही दादांच्या आजारपणात इतके वाचलेत, तेच सांगा." म्हणून उभे राहिलो आहोत. आम्ही जे सांगू ते वाचलेले आणि काही अंशी भोगलेले आहे. औषधाचा सल्ला मात्र कोणी आमच्याकडे मागू नये.

आमचे थोरले बंधू गावी असतात. त्यांना आम्ही दादा म्हणतो. २०२२ च्या पावसाळ्यात दादांना घाटीचा चढ चढताना छातीत दाटल्यासारखे होऊ लागले. घरात सगळ्यांनी ते पित्त म्हणून सोडून दिले, आणि सोडण्यास कारणही होते. त्यांच्या पित्ताशयात खडे आहेत हे दोन वर्षांपूर्वीच सोनोग्राफीत निघाले होते. तेलकट खाणे झाले की उजव्या बरगडीखाली कळ यायची आणि ती पाठीत जायची. त्यामुळे छातीत दुखले तरी वहिनी ओव्याचे पाणी द्यायच्या आणि दादा ते पिऊन झोपायचे. शेवटी पुतण्याने हट्टाने मुंबईला आणले. अँजिओग्राफी झाली. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या तीनही मुख्य वाहिन्या तुंबलेल्या. बायपास करा, लवकर करा, असे सांगण्यात आले.

इथे आमच्यातला कारकून जागा झाला. आम्ही कागद घेतला आणि मधोमध रेघ मारली. डाव्या बाजूला बायपास, उजव्या बाजूला पित्ताशय. दोन्हीकडे खोलीभाडे, दोन्हीकडे भूल, दोन्हीकडे तपासण्या, रजा, वहिनींचे गावाहून येणे-जाणे. मग वाटले, माणूस टेबलावर झोपलेलाच असतो, भूल दिलेलीच असते, तर छातीखाली वीतभर अंतरावर असलेले पित्ताशय त्याच वेळी का काढू नये? एका खेपेत दोन कामे. आम्ही हा प्रश्न हृदयाच्या सर्जनना विचारला. दुकानात दोन नग घेतल्यावर सूट मागावी तितक्याच सहजपणे विचारला, हे आज कबूल करायला हवे.

सर्जन रागावले नाहीत. त्यांनी उलट विचारले, "पित्ताचा खडा तीन महिने थांबेल?" आम्ही म्हटले, इतकी वर्षे थांबलाच आहे. "आणि हे हृदय थांबेल?" आम्ही गप्प. "मग ज्याला थांबता येते त्याला थांबवू या," असे म्हणून ते पुढच्या रुग्णाकडे गेले. आम्ही जिना उतरताना आमच्या मनात पाप आले. दोन ऑपरेशने म्हणजे दोन बिले, हाच या थांबण्याचा अर्थ असणार, असे वाटले. त्या रात्रीपासून आम्ही वाचायला लागलो. जे हाती लागले ते असे.

हृदयावर काम करायचे तर बहुतेक वेळा ते काही काळ थांबवावे लागते. तेवढा वेळ शरीरातले रक्त बाहेर एका यंत्राकडे नेतात. यंत्र त्यात प्राणवायू मिसळते आणि पंपाने परत शरीरात ढकलते. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे डॉ. जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी असे यंत्र वापरून एका तरुणीच्या हृदयातले छिद्र यशस्वीपणे शिवले. आता रक्ताचा स्वभाव असा, की ते शरीराबाहेर नळीत गेले की गोठू पाहते. यंत्रात गुठळी झाली तर रुग्ण संपला. म्हणून आधी हेपारिन नावाचे औषध भरपूर देऊन रक्ताची गोठण्याची शक्तीच काढून घेतात. काम आटोपले की प्रोटामिन देऊन ती परत आणतात. हे प्रोटामिन मूळचे सामन नावाच्या माशापासून काढलेले. कोकणातल्या मंडळींना हे ऐकून बरे वाटेल, पण ज्यांना माशांची ॲलर्जी आहे त्यांनी ते डॉक्टरांना आधी सांगावे.

आता विचार करा. ज्या घटकेला रक्त गोठतच नाही, त्या घटकेला पोटात सुरी चालवायची. यकृताला चिकटलेले पित्ताशय सोडवताना त्या जागेतून रक्त झिरपतेच. एरवी ते दोन-चार मिनिटांत आपोआप थांबते; हेपारिनवर असताना थांबत नाही. ही झाली एक अडचण.

दुसरी अडचण जंतूंची. छाती आणि पोट यांच्या मध्ये एक स्नायूचा पडदा असतो. त्या पडद्यावरची बाजू निर्जंतुक आणि खालची बाजू म्हणजे आतड्यांचे राज्य. आजारी पित्ताशयातल्या पित्तातही जंतू असू शकतात. बायपाससाठी छातीचे मधले हाड उभे चिरलेले असते आणि शेवटी ते तारांनी बांधतात. ते हाड पुरते सांधायला दोन-तीन महिने लागतात. खालचा जंतू वर जाऊन त्या चिरेत बसला, तर जे दुखणे होते त्याच्यापुढे मूळचे दुखणे बरे म्हणायची पाळी येते. झडप बदललेली असेल तर आणखीनच वाईट, कारण परक्या वस्तूवर बसलेला जंतू औषधाला दाद देत नाही.

म्हणजे आम्ही ज्याला खोलीभाड्याची बचत समजत होतो, तिची किंमत ही होती. मग आम्हाला वाटले, ही दोन ऑपरेशने एकत्र कधीच करत नसतील. इथे आमची दुसरी चूक झाली. करतात, पण वेगळ्या हिशेबाने करतात.

मूत्रपिंडाच्या एका कर्करोगाचे उदाहरण घ्या. या रोगाची एक विचित्र खोड आहे. गाठ मूत्रपिंडात असते, पण ती तिथून निघणाऱ्या शिरेत शिरते आणि वेलीसारखी आतून वर चढते. मूत्रपिंडाची शीर पोटातल्या महाशिरेला मिळते आणि महाशीर सरळ हृदयाच्या उजव्या कप्प्यात उघडते. असा रोग झालेल्या शंभरांपैकी साधारण चार ते दहा जणांमध्ये ही वेल महाशिरेत पोचते आणि शंभरात एखाद्याच्या बाबतीत थेट हृदयात डोकावते. बुंधा पोटात आणि शेंडा हृदयात! अशा माणसाला आधी पोटाचे करू आणि तीन महिन्यांनी हृदयाचे, असे सांगता येत नाही. नुसता बुंधा तोडायला गेले आणि शेंडा तुटून पुढे सरकला, तर तो फुप्फुसाच्या वाहिनीत अडकून माणूस टेबलावरच जाण्याची भीती. इथे दोन ऑपरेशने वेगळी करणे हाच धोका.

आम्हाला यातला क्रम फार आवडला. आधी पोट उघडतात. मूत्रपिंड चारी बाजूंनी सोडवून फक्त शिरेवर लोंबते ठेवतात आणि रक्त झिरपणारी प्रत्येक जागा बंद करतात. हे सगळे रक्त गोठत असताना. त्यानंतर छाती उघडायची, हेपारिन द्यायचे, यंत्र सुरू करायचे. मोठी गाठ असेल तर यंत्रातून रक्त थंड करत करत शरीर १८ अंश सेल्सियसच्या आसपास आणतात आणि रक्ताभिसरण पूर्ण थांबवतात. शरीर इतके गार असले की मेंदूला सुमारे अर्धा तास रक्तावाचून काढता येतो. तेवढ्या अर्ध्या तासात हृदयाचा कप्पा आणि महाशीर उघडून शेंड्यापासून बुंध्यापर्यंत गाठ ओढून काढायची. म्हणजे ज्या हेपारिनची अडचण आम्ही मघाशी सांगितली, ती इथेही आहेच. तिच्याभोवती कामाची मांडणी करून वाट काढली आहे, इतकेच.

आता ज्या हकिकतीसाठी आम्ही हे भाषण करायला तयार झालो, तिच्याकडे येतो.

बंधू-भगिनींनो, आपल्या भाषेत काळीज म्हणजे नेमके काय? मटणाच्या दुकानात काळीज मागितले तर खाटीक यकृत देतो. आणि 'काळीज धडधडले' असे म्हणताना आपला हात छातीवर जातो. एकाच शब्दात आपल्या वाडवडिलांनी दोन अवयव बसवले. ही गफलत आहे असे आम्ही समजत होतो. पण अमेरिकेत एक मुलगी अशी होती की तिच्या बाबतीत हे दोन अवयव खरोखरच एका दुखण्याची दोन टोके होती.

तिचे नाव स्टॉर्मी जोन्स. टेक्सास राज्यातली, १९७७ ची जन्मलेली. तिच्या कातडीवर पिवळसर गाठी दिसू लागल्या. त्या चरबीच्या होत्या. तिच्या रक्तात कोलेस्टेरॉल १,००० मिलिग्रॅमच्या वर होते. आपल्याकडे २०० च्या वर गेले की डॉक्टर भुवया उंचावतात. सहा वर्षांची होईतो तिच्या हृदयाच्या वाहिन्या म्हाताऱ्या माणसासारख्या झाल्या होत्या. दोनदा बायपास झाली, एक झडप बदलली, तरी हृदय ढासळतच गेले.

याचे कारण टेक्सासमधल्याच डॅलस येथील दोन शास्त्रज्ञांनी शोधून काढले होते. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन ही त्यांची नावे. रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल पेशींमध्ये ओढून घेण्यासाठी पेशींच्या पृष्ठभागावर काही ग्राहक असतात, गोदीत जहाज लागायला धक्का असतो तसे. यांतले बहुतेक धक्के यकृतात असतात. आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुकाचा वारसा आला, तर मुलात हे धक्के जवळजवळ नसतातच. मग कोलेस्टेरॉल रक्तातच फिरत राहते आणि हृदयाच्या वाहिन्यांत साचते. या संशोधनाला १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता डॉक्टरांपुढचा पेच पाहा. नुसते हृदय बदलावे, तर सदोष यकृत नव्या हृदयाच्या वाहिन्याही बुजवून टाकणार. नुसते यकृत बदलावे, तर ते ऑपरेशन इतके मोठे की तिचे खिळखिळे हृदय ते सोसू शकणार नाही. आजाराचे मूळ पोटात आणि सगळा मार छातीवर. यात कोणाला थांबवणार?

पिट्सबर्ग येथे तेव्हा डॉ. थॉमस स्टार्झल होते. माणसात यकृतरोपणाचा पहिला प्रयत्न त्यांनीच १९६३ साली डेन्व्हरला केला होता आणि तो लहान मुलगा टेबलावरच गेला होता. पुढे चार वर्षांनी, १९६७ साली, त्यांना यश आले. हृदयाच्या बाजूला डॉ. हेन्री बाहन्सन आणि त्यांचे सहकारी होते. परका अवयव शरीराने झिडकारू नये म्हणून सायक्लोस्पोरिन हे नवे औषध हाती आले होते. अमेरिकेत त्याला १९८३ च्या अखेरीस मान्यता मिळाली होती. १४ फेब्रुवारी १९८४ रोजी पिट्सबर्गच्या बालरुग्णालयात स्टॉर्मीला एकाच दात्याचे हृदय आणि यकृत, दोन्ही एकाच ऑपरेशनमध्ये बसवण्यात आले. ऑपरेशन सोळा तासांच्या आसपास चालले. असे जगात पहिल्यांदाच होत होते.

इथे क्रम मूत्रपिंडाच्या उलट. आधी हृदय, मग यकृत. बाहेर काढलेले हृदय बर्फात ठेवले तरी चार तासांच्या आसपास बसवावे लागते. यकृत त्याहून जास्त वेळ दम धरते. शिवाय नवे हृदय सुरू झाले, यंत्र बंद झाले, रक्त पुन्हा गोठू लागले, की मग त्या दमदार हृदयाच्या भरवशावर पोटाचे ऑपरेशन करता येते. आधी इंजिन बदलले आणि त्याच इंजिनाच्या जोरावर उरलेला घाट चढला. आमच्या मनात सारखा विचार येतो, की हृदय धडकू लागल्यानंतर त्या खोलीतल्या मंडळींनी हुश्श केले असेल का? कारण अर्धे काम अजून बाकी होते.

पहिल्या दहा आठवड्यांत तिचे कोलेस्टेरॉल १,००० च्या वरून २७० वर आले. कोणतेही पथ्य, कोणतेही औषध तिच्यात हे करू शकले नव्हते. ती शाळेत गेली, खेळली. पुढे लोव्हास्टॅटिन हे औषधही तिला लागू पडले. हे औषध मुख्यतः यकृतावरचे धक्के वाढवून काम करते. जुन्या यकृताला ते वाढवताच आले नसते, नव्याला आले.

आता पुढचे सांगायला हवे, कारण असल्या गोष्टी सांगताना पुष्कळजण इथेच थांबतात. तिला कावीळ झाली, यकृत खराब झाले आणि फेब्रुवारी १९९० मध्ये तिचे यकृत दुसऱ्यांदा बदलावे लागले. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला, शरीराने ते हृदय झिडकारल्यामुळे, ती गेली. वय तेरा. ऑपरेशननंतर ती पावणेसात वर्षे जगली, म्हणजे जितके आयुष्य तिने आधी काढले होते, जवळजवळ तितकेच पुन्हा. हे यश की अपयश? आमच्या घरी यावर वाद झाला. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "हा प्रश्न तिच्या आईला विचारायचा, तुम्हाला कशाला हवा?" आम्ही वाद तिथेच मिटवला.

हृदयरोपणाच्या क्षेत्रात आपणही अगदीच मागे नव्हतो. परळच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या पहिल्या हृदयरोपणानंतर तिसऱ्याच महिन्यात, हृदयरोपण केले होते. रुग्ण काही तासच जगला. मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा आपल्याकडे व्हायला १९९४ उजाडले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीला डॉ. वेणुगोपाल यांनी देशातले पहिले यशस्वी हृदयरोपण केले.

स्टॉर्मीच्या आजारावर आता पुष्कळ उपाय आले आहेत. रक्त यंत्रातून फिरवून कोलेस्टेरॉल गाळून काढतात. नवी इंजेक्शने आली. त्यांतले इव्हिनाकुमॅब हे त्या धक्क्यांवाचूनच काम करते आणि त्याला अमेरिकेत २०२१ साली मान्यता मिळाली. हृदय आणि यकृत एकत्र बदलण्याची वेळ आता बहुधा दुसऱ्याच आजारांत येते. जन्मतः हृदयाचा एकच पंप धड असलेल्या मुलांवर लहानपणी जी फोंटान शस्त्रक्रिया करतात, तिच्यानंतर काही वर्षांनी यकृतही बिघडते. अशा तरुणांत ती करतात. आणि गंमत अशी, की ज्यांच्या रक्तात परक्या अवयवाविरुद्धची प्रतिद्रव्ये फार आहेत, अशा काही रुग्णांत मेयो क्लिनिकच्या सर्जननी क्रम फिरवून आधी यकृत बसवले. नवे यकृत ती प्रतिद्रव्ये शोषून घेते आणि मागून येणाऱ्या हृदयाला वाट मोकळी करून देते.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, मागाहून राहून जाईल. स्टॉर्मीला दोन्हीकडून वारसा आला होता, ते फार दुर्मिळ. पण एकाच बाजूने आलेला वारसा तितका दुर्मिळ नाही. सुमारे अडीचशे माणसांत एकाला तो असतो असे आता मानतात. ज्यांच्या घरात चाळिशी-पन्नाशीत हृदयविकाराने माणसे गेली आहेत, हाताच्या बोटांच्या मागे किंवा टाचेच्या शिरेवर गाठी आहेत, त्यांनी मुलांचेसुद्धा कोलेस्टेरॉल एकदा तपासून घ्यावे. दादांच्या आजारानंतर आम्ही आमच्या घरातल्या सगळ्यांचे तपासले. आमचे स्वतःचेच जास्त निघाले. मुलांचे ठीक आहे.

तिसरा प्रकार थोडक्यात. पोटातली महाधमनी काही लोकांत फुग्यासारखी फुगते. दोन सेंटीमीटरची वाहिनी पुरुषांमध्ये साडेपाच सेंटीमीटरची झाली की फुटण्याच्या भीतीने ऑपरेशन सुचवतात. शास्त्रज्ञ आईन्स्टाईन यांना हाच विकार होता. १९४८ साली डॉ. रुडॉल्फ निसेन यांनी त्यांच्या धमनीला सेलोफेनचा कागद गुंडाळला होता. त्यावर ते सहा वर्षांहून अधिक काळ जगले आणि एप्रिल १९५५ मध्ये ती फुटून गेले. ज्यांची महाधमनी बिघडते त्यांच्या हृदयाच्या वाहिन्याही बहुधा बिघडलेल्या असतात. म्हणून हृदय नि महाधमनी दोन्ही एकाच वेळी दुरुस्त करण्याची पद्धत काही ठिकाणी होती. पुढे दोन गोष्टी घडल्या. १९९० साली ब्युनॉस आयर्स येथे डॉ. हुआन पारोदी यांनी जांघेतल्या वाहिनीतून नळी सरकवून, पोट न उघडता, आतून अस्तर लावण्याची युक्ती माणसात वापरली. आणि २००४ साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून एक अभ्यास बाहेर आला. ५१० रुग्णांपैकी निम्म्यांचे हृदय आधी दुरुस्त केले, निम्म्यांचे नाही. मग सगळ्यांच्या रक्तवाहिनीचे ठरलेले ऑपरेशन केले. सुमारे पावणेतीन वर्षांनी मृत्यूचे प्रमाण एका गटात २२ टक्के, दुसऱ्यात २३ टक्के. म्हणजे ज्यांचे हृदयाचे दुखणे स्थिर आहे त्यांच्यात 'आधी हृदय' हा हट्टसुद्धा खरा ठरला नाही. आम्ही हे वाचून जरा गोंधळलो. दादांचे सर्जन चुकले की काय? पण या अभ्यासात ज्यांची मुख्य डावी वाहिनी तुंबलेली होती किंवा ज्यांचे छातीतले दुखणे वाढत चालले होते, असे रुग्ण घेतलेच नव्हते. दादांना तर शेवटी-शेवटी अंगणात चालतानाही दुखत होते.

तेव्हा आम्ही पुन्हा त्या सर्जनकडे गेलो, या खेपेला नीट प्रश्न घेऊन. बायपासऐवजी स्टेंट घातला तर छाती चिरावी लागणार नाही, मग पित्ताशयाचे लवकर उरकेल ना? त्यांनी सांगितले, उलट उशिरा. स्टेंट घातल्यावर तो बुजू नये म्हणून रक्त पातळ करणाऱ्या दोन-दोन गोळ्या कित्येक महिने घ्याव्या लागतात, आणि त्या दोन्ही चालू असताना पोटाचे ठरलेले ऑपरेशन सहसा करत नाहीत. धडधडत्या हृदयावर, यंत्रावाचून बायपास करतात, त्यात हेपारिन कमी लागते असे वाचले होते, तेही विचारले. ते म्हणाले, "तसे करून पित्ताशय त्याच वेळी काढल्याची उदाहरणे आहेत. पित्ताशय सडायला लागले असते तर मीही विचार केला असता. तुमच्या भावाचे सडलेले नाही." या खेपेला ते आमच्याशी वीस मिनिटे बोलले. आम्हाला वाटते, पहिल्या दिवशी आम्ही सूट मागितली म्हणून आम्हाला दोन मिनिटे मिळाली.

दादांची बायपास गणपतीनंतर झाली. नवव्या दिवशी घरी सोडले, पंधरवड्याने टाके तपासून गावी नेले. सातव्या आठवड्यात मध्यरात्री पुतण्याचा फोन आला. पोटात कळ, ताप, ओकाऱ्या. पित्ताशय सुजले होते. तालुक्याच्या गावी हलवले तेव्हा दादा एका हाताने छाती धरून बसले होते आणि एका हाताने पोट, असे वहिनी सांगतात. ओकारी आली की छातीच्या हाडाला हिसका बसायचा आणि ते ओरडायचे. आम्ही मुंबईत फलाटावर पहाटेच्या गाडीची वाट बघत होतो. त्या वेळी आम्ही वाचलेले सगळे विसरलो होतो. एकच वाक्य डोक्यात फिरत होते : तेव्हाच एकदम केले असते तर? आजही कोणी विचारले की ते चूक होते का, तर आम्हाला छातीठोकपणे उत्तर देता येत नाही. थांबवलेला आजार नेहमीच सांगितल्याप्रमाणे थांबून राहत नाही, हे सर्जननाही ठाऊक होते. त्यांनी दोन धोक्यांतला लहान धोका निवडला होता. लहान धोकाही ज्याच्या घरात येतो त्याला लहान वाटत नाही.

शिरेतून औषधे दिल्यावर चार दिवसांत ताप उतरला. मुंबईच्या सर्जननी फोनवरून तिथल्या डॉक्टरांना सांगितले, की हाड जुळू द्या, घाई नको. चौथ्या महिन्यात दुर्बिणीतून पित्ताशय काढले. ही दुर्बिणीची पद्धत आपल्या देशात पहिल्यांदा १९९० साली मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी वापरली. यात पोटात वायू भरून ते फुगवतात. त्याचा दाब वर पडद्यावर आणि तिथून हृदयावर येतो. भूलतज्ज्ञांनी आम्हाला हे समजावून सांगितले आणि म्हणाले, जुन्या हृदयावर हा दाब देताना मी दहादा विचार केला असता. ऑपरेशन पाऊण तासात झाले. तिसऱ्या दिवशी दादा घरी.

खडे एकोणीस निघाले. वहिनींनी ते औषधाच्या रिकाम्या बाटलीत घालून ठेवले आहेत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. आमचा मधोमध रेघ मारलेला कागद बिलांच्या फाइलीत आहे. उजव्या बाजूचे आकडे अंदाजापेक्षा जास्त झाले, तालुक्याच्या चार दिवसांमुळे. बेरीज आम्ही अजून केलेली नाही. दादा घाटी चढतात, मध्ये वडाखाली एकदा थांबतात. यंदा मेळाव्याला ते आले आहेत, तिकडे मागच्या रांगेत बसले आहेत. ज्यांना काही विचारायचे असेल त्यांनी आम्हाला सोडून त्यांनाच विचारावे.